काळ्या गोळ्यांचा चहा

३ एप्रिल

चि. भोंगी,

पत्रास कारण काळ्या गोळ्या. माझे गुडघे, नळाची वेळ आणि वरच्या मजल्यावरचं कुत्रं हे सगळं नंतर.

फोन का नाही केला म्हणशील. तुला माहीत आहे, मला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि माझ्या नि दादाच्या घरात भिंत एकच. मी इकडे ‘हॅलो’ म्हटलं की तिकडे ती, तुझ्या बाबांची दुसरी बायको, शिवणयंत्र थांबवते. थांबवते म्हणजे ऐकतेच.

आता नीट वाच. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून तिचा ओटा दिसतो. मुद्दाम बघायला जात नाही मी, स्टुलावर चढलं की दिसतो एवढंच. रोज दुपारी ती पातेल्यात काहीतरी काळं उकळते. फेस वर आला की ते तसंच उकळतं एका पांढऱ्या पिठावर ओतते आणि हात भाजत असताना मळते. मग त्याची लांब वळी करते, दोन्ही हातांच्या बोटांना दोरा गुंडाळते आणि गळा आवळावा तसा त्या वळीचा एकेक तुकडा पाडते. सुरी घरात असताना दोरा कशाला, सांग बघू. त्या तुकड्यांच्या बारीक बारीक काळ्या गोळ्या वळते आणि ताटात फडक्याखाली झाकून ठेवते. पुढे त्या शिजवून, उंच ग्लासात घालून आतल्या खोलीत नेते, दादा असतो तिथे. दार लावून घेते. काल मी भिंतीला कान लावला होता, तेव्हा स्पष्ट ऐकलं, “सगळ्या गोळ्या संपवल्याशिवाय उठायचं नाही!” आपल्या दादाला असं कुणी बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. एक मी सोडून.

आणखी एक. दोन महिने झाले, त्या घराचे पडदे दिवसाही बंद असतात. दादा जिन्यात भेटला तर एवढ्या उकाड्यात गळ्याला मफलर, तोही नाकापर्यंत. मी ‘काय रे’ म्हटलं तर मान हलवतो आणि सटकतो. माझ्यावर राग म्हणावा तर तो जुना झाला. लग्नाच्या वेळी मी म्हटलं होतं की शिवणयंत्र हवं तर नुसतं यंत्र आणायचं, सोबत शिवणवाली कशाला. तेव्हा फुगून बसला होता, पण महिनाभरात विसरून हसायलाही लागला होता. हे वेगळं आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

मी परीक्षेच्या वर्गात आयुष्य काढलं. पोरगं कॉपी करतंय हे मला त्याच्या पाठीवरून कळायचं. या बाईची पाठ मला बरी वाटत नाही.

तुझी आत्या

---

९ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र दुकानात काउंटरखाली धरून वाचलं. एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी मलम देत होते, इतकं माझं डोकं फिरलं.

तू म्हणतेस ते मला तिकडे न येताही जाणवत होतं. बाबांचा दर रविवारचा फोन बंद आहे. आधी मला वाटलं विसरले. तुला ठाऊक आहे ना ते फोन कसा सुरू करतात? बस स्थानकावर उद्घोषणा करायचे तसंच, “प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे, भोंगी नावाची मुलगी जिथे असेल तिथून तिने…” लहानपणी मी रडायला लागले की अख्खी इमारत जागी व्हायची, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आवाज तसाच भरलेला. मी सासरी आल्यापासून एक रविवार चुकला नाही. आणि आता मी फोन केला तर उचलत नाहीत. नंतर निरोप येतो, “ठीक आहे. काळजी नको.”

बाबा असं लिहीत नाहीत. ते ‘काळजी नसावी’ लिहितात. ‘नको’ हा शब्द त्यांचा नाही. तो निरोप दुसरं कुणीतरी टाइप करतं, आणि ते कोण हे सांगायला नको.

आता गोळ्यांचं. मी औषधांच्या दुकानात उभी असते, त्यामुळे मला याची जास्तच भीती वाटते. झाडपाल्याच्या नावाखाली लोक काय काय वळून देतात ते मी रोज बघते. मला एवढं कळव: त्या ग्लासानंतर बाबा झोपतात का? चालताना तोल जातो का? वास कसला येतो? आणि कसंही करून एक गोळी मिळव. कागदात गुंडाळून पाठव. तू मात्र तोंडात घालू नकोस.

तुझी भोंगी

---

१७ एप्रिल

चि. भोंगी,

काम फत्ते. गोळी सोबत आहे. वाळून खडा झाली आहे, पण तीच.

कशी मिळवली ते ऐक. दुपारी बरोबर उकळण्याच्या वेळेला मी त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, “जरा गाळणी देता का, माझी तुटली.” ती दारातच उभी. कोपरापर्यंत पांढरं पीठ. मला आत घ्यावं की नाही असं तोंडावर दिसत होतं. मी तिच्या बगलेखालून आत शिरले. शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे जड जातं, पण तुझ्यासाठी केलं.

ओट्यावर ताट. गोळ्या पिठात घोळवून ठेवलेल्या, आणि ऐक हं, मापानुसार वेगळ्या! एका बाजूला मोहरीहून जरा मोठ्या, मग शर्टाच्या बटणाएवढ्या, मग थोड्या कोटाच्या बटणाएवढ्या. म्हणजे डोस वाढवत नेते आहे. ती गाळणी शोधायला वळली तेवढ्यात मी एक रुमालात घेतली. वास गुळाचा, पण गुळात काहीही लपतं.

वळून बघते तर तिने माझ्यासमोर ग्लास धरलेला. गार चहा, दूध घातलेला, तळाशी त्या गोळ्या आणि बोटाएवढी जाड नळी. “घ्या ना, तुम्हीही घ्या.” उभ्याउभ्या नको म्हटलं तर संशय येईल, म्हणून म्हटलं घरी नेऊन पिते. जिन्यातल्या कुंडीत ओतला. रोप अजून उभं आहे, पण मला ते मलूल वाटतं.

दादा दिसला नाही. आतल्या खोलीचं दार लावलेलं. मात्र निघताना आतून आवाज आला. कुणीतरी पुटपुटत होतं, “हलाट… हलाट… हलाट…” पुन्हा पुन्हा तेच, एका सुरात. ती लगेच मोठ्याने बोलायला लागली, गाळणीचं, उन्हाचं, वाटेल ते. माझ्यासारखीला कळतं ते कशाला.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. झोपतो का ते दिसत नाही, पडदे आहेत. तोल जात नाही. पण परवा जिन्यात खिडकीच्या उजेडात आला तेव्हा मफलरवर ओघळ दिसला, काहीतरी सांडल्यासारखा. एक डोळा लालभडक. मला बघताच तोंड फिरवलं. माझा सख्खा भाऊ, आणि तो भिंतीकडे तोंड करून माझ्या पुढे जाण्याची वाट बघत उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, भोंगी.

आत्या

---

२५ एप्रिल

आत्या,

गोळी मिळाली. गरम पाण्यात ठेवली तर तासाभरात मऊ, चकचकीत झाली. मी बघत बसले होते तेवढ्यात दुकानातली माझ्यासोबतची मुलगी म्हणाली, “अय्या, हे तर बबल टीमधले मोती! घरी केलेत वाटतं.” आमच्या चौकात त्याचं दुकान आहे, कॉलेजची मुलं जाड नळीने ओढत उभी असतात. तिने मला सगळी कृती सांगितली: गुळाचं उकळतं पाणी, साबुदाण्यासारखं ते कंदाचं पीठ, गरम असतानाच मळायचं, नाहीतर भुगा होतो. बाजारातल्या मोत्यांत रंग असतो, घरच्याला काळा गूळच पुरतो. मी जिभेला लावून पाहिली. गूळ आणि पीठ. बाकी काही नाही.

तुला वाटेल, चला, सुटलो. मलाही अर्धा दिवस तसंच वाटलं. मग प्रश्न पडला, एवढंच आहे तर दार कशाला लावायचं? ज्या माणसाने जन्मभर साधा चहा बशीत ओतून प्यायला, त्याला या वयात पोरांसारखी नळी देऊन ‘संपवल्याशिवाय उठायचं नाही’ असं कोण दटावतं? आणि अशी गोळी घशात अडकली तर काय होतं हे मी तुला सांगायला नको. विष नसलं म्हणजे हेतू चांगला असतो असं नाही.

आणि आता मुख्य. रविवारी संध्याकाळी तिच्या फोनवरून मला फोन आला. मी धावत उचलला. पलीकडे एक पुरुष. बाबा नव्हेत. दारू प्यालेला असावा, जीभ जड, मध्येच फुस्स असा वारा. कुठल्यातरी परक्या भाषेत “होंगी… होंगी…” एवढंच. मी विचारलं कोण बोलतंय, तर पुन्हा “होंगी”, आणि हसला की रडला कळेना. माझं डोकं सटकलं. “दारुड्या, पुन्हा फोन केलास तर पोलिसांत देईन,” म्हणून ओरडले आणि तो नंबर कायमचा बंद करून टाकला.

म्हणजे त्या घरात आणखी एक माणूस येतो, आत्या. दारुडा. आणि माझे बाबा तोंड झाकून फिरतात, डोळा लाल, ओघळ. त्यांना कुणी मारतं का? हा विचार आल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

मी ठरवलं आहे. तिला आजच वेगळं पत्र टाकते आहे. बारा मेला गाडी घेऊन येते आणि बाबांना कायमचं माझ्याकडे आणते.

भोंगी

---

२५ एप्रिल

नमस्कार.

तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हे मी ठरवलेलं नाही, आणि आता ठरवायची गरजही पडणार नाही.

माझ्या वडिलांच्या बाबतीत तुमच्या घरात काय चालतं ते मला कळलं आहे. बंद दार, दटावणं, तो ग्लास, तुमच्या फोनवरून बोलणारा तो दारुडा, सगळं. मी बारा मेला येऊन त्यांना घेऊन जाईन. त्यांचे कपडे आणि चष्मे एका बॅगेत भरून ठेवा. तोपर्यंत त्यांना त्या गोळ्या देणं बंद करा. त्यांच्या जिवाला काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही.

त्यांची मुलगी

---

१ मे

नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या. फोन केला असता, पण तुम्ही माझा नंबर बंद केला आहे, आणि ह्यांच्या फोनवरून ह्यांच्या नकळत बोलता येत नाही.

जे सांगते ते न सांगण्याचा मी शब्द दिला होता. आज मोडते.

फेब्रुवारीत एका सकाळी हे चूळ भरत होते. पाणी ओठाच्या एका बाजूने खाली आलं. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा उतरलेला. उजवा डोळा मिटेना. मी तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषधं दिली. येईल परत म्हणाले, पण महिने लागतील, आणि कितपत येईल ते सांगता येत नाही. डोळा पाण्याने भरलेला असतो म्हणून निरोप मी टाइप करते. ते सांगतात तसाच करते, पण माझ्या हातून ‘नको’च लिहिलं जातं.

चेहऱ्याचं त्यांना एवढं नाही वाटलं. पण ज्यांना ओठाला ओठ टेकवावा लागतो ती अक्षरं गेली. प, फ, ब, भ, म. तुम्ही म्हणून बघा, ओठ न मिटता निघतात का. ज्या माणसाने जन्मभर ‘फलाट क्रमांक पाच’ म्हणून हजारो लोकांना बसमध्ये बसवलं, त्याच्या तोंडून ‘हलाट’ येतं. त्या दिवसापासून पडदे लावले. बहिणीला कळता कामा नये, मुलीला तर नाहीच नाही, मला शप्पथ घातली. बहीण हसेल म्हणाले. मुलगी रडेल म्हणाले.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फुगा फुगवायला सांगितला, शिट्टी वाजवायला सांगितली. फुगा त्यांनी खिडकीतून टाकला. मी काय पोर आहे का, असं लिहून दाखवलं. मग बाई म्हणाल्या की जाड नळीने काहीतरी दाट ओढलं तरी ओठ आवळले जातात. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या एका मुलीने हा चहा दाखवला. बाजारचा आणला तर मोती रबरासारखे, रंग जिभेला लागतो. म्हणून घरी करायला लागले. पहिल्या वेळी पाणी निवलं आणि सगळ्याचा भुगा झाला. सुरीने कापलं की चिकटतं, म्हणून दोऱ्याने कापते, माझ्या हातात दोरा असतोच. आधी बारीक गोळ्या दिल्या, ओठ जसा आवळायला लागला तशी बटणाच्या मापाने मोठ्या केल्या. आता कोटाच्या बटणाची गोळी वर ओढतात. ओढली की लहान मुलासारखे माझ्याकडे बघतात. कंटाळले की दटावते, हो, दटावते. गिळण्याला धोका नाही हे डॉक्टरांकडून दोनदा तपासून घेतलं आहे, तरी समोर बसल्याशिवाय मी ग्लास हातात देत नाही.

तुमच्या आत्या गाळणी मागायला आल्या होत्या. त्यांच्या तीन गाळण्या खिडकीत टांगलेल्या मला रोज दिसतात. गोळी रुमालात घेतली तेही पाहिलं. मागितली असती तर वाटीभर दिल्या असत्या. कुंडीतला चहाही पाहिला. मी काही बोलले नाही, कारण बोलायला लागले तर सगळंच बोलावं लागलं असतं.

आता तुमच्या त्या दारुड्याचं. त्या रविवारी त्यांचा ‘भ’ पहिल्यांदा ओठांवर आल्यासारखा वाटला. नीट नव्हता. मी म्हटलं आणखी थोडे दिवस थांबा. ऐकेनात. इतके दिवस फोन न उचलता काढले होते, त्यांना पहिला शब्द तुमचंच नाव म्हणायचं होतं. त्यांचा फोन चार्जिंगला होता म्हणून माझा घेतला. तुम्ही काय म्हणालात ते मला बाजूला बसून ऐकू आलं. त्यांनी फोन मला दिला आणि गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून ग्लासाला हात लावलेला नाही.

त्यांना घेऊन जायचं तर घेऊन जा. मुलगी आहात, मी अडवणार नाही. कपडे भरून ठेवीन. तुम्ही यायच्या आत मी माझ्या जुन्या खोलीवर जाईन, तुमच्यासमोर उभं राहून भांडायला मला जमणार नाही. फक्त तिकडे गेल्यावर हे चालू ठेवा. कृती मागच्या बाजूला लिहिली आहे. गूळ काळाच घ्या, आणि पाणी खळखळतं असतानाच ओता.

तुमच्या वडिलांच्या घरातली

*(खाली वेगळ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात)*

भोंगे, हिचं पत्र मी पकडलं. वाचलं. तो दारुडा मीच. ओरडण्यात अजून कमी पडत नाहीस, कानठळ्या बसल्या माझ्या. — बाबा

---

४ मे

चि. भोंगी,

जिंकलो! तुझ्या पत्राने काम केलं. काल स्टुलावरून बघितलं, ती पिशवी भरते आहे. शिवणयंत्राला चादर बांधून ठेवली. चार दिवस ओटा थंड, गोळ्या बंद. एवढी भ्यायली म्हणजे आपलं म्हणणं खरंच होतं.

दादा गॅलरीत बसून असतो. काल मी हात केला तर त्याने बघितलंसुद्धा नाही. तू आलीस की सुधारेल. लवकर ये.

आत्या

---

६ मे

तुम्हाला,

वर काय लिहावं यात पाऊण तास गेला. ‘ती.’ लिहिलं, खोडलं. शेवटी तसंच सोडलं. भेटल्यावर तुम्हीच सांगा मी काय म्हणू.

तुमचं पत्र दुकानात उघडलं आणि मागच्या खोलीत जाऊन, औषधांच्या खोक्यांवर बसून रडले. अगदी भोंग्यासारखी. गिऱ्हाइकं विचारायला लागली कोण गेलं. मी बाबांचा आवाज ओळखला नाही. जो आवाज मी शंभर माणसांत ओळखीन म्हणून फुशारकी मारायचे, त्याला दारुडा म्हटलं. तुम्हाला काय काय म्हटलं ते तर कागदावरच आहे. मला लाज वाटते.

तरी एक सांगते, संशय माझ्या अंगातच आहे, आत्याकडून आलेला. म्हणून गिळण्याबद्दल मी डॉक्टरांना स्वतः विचारणार आहे. तुम्ही रागावू नका. किंवा रागवा, तुमचा हक्क आहे.

पण पिशवी सोडा. हात जोडते. बारा तारखेला मी येणार आहे ते बाबांना न्यायला नाही. मला त्या पिठात हात घालायचा आहे. परवा घरी करून बघितलं, पाणी निवलं, सगळ्याचा भुगा झाला. तुम्ही नसलात तर मला कोण शिकवणार, आणि बाबांना कोण दटावणार? माझं ते ऐकत नाहीत, कधीच ऐकलं नाही. आत्याला मी वेगळं लिहिलं आहे. ती तोंड पाडून दारात येईल, तिलाही एक ग्लास द्या आणि संपवल्याशिवाय उठू देऊ नका.

तुमचा नंबर मी चालू केला आहे. आज रविवार नाही, तरी संध्याकाळी फोन हातात घेऊनच बसणार आहे, उद्याही, परवाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवा आणि सांगा, भ आला नाही तर न येऊ दे. होंगी म्हणा, नुसता वारा सोडा, ओठांतून जे निघेल त्या नावाने हाक मारा.

मी ओ देईन.

भोंगी